तळहाताच्या घामावरची शस्त्रक्रिया (ईटीएस): कोणी करावी, कोणत्या बरगडीवर करावी आणि नंतर घाम जातो कुठे

कातळफूल

तळहाताला अतिघाम येणाऱ्यांना कधी ना कधी ईटीएसचं (एंडोस्कोपिक थोरॅसिक सिंपथेक्टमी) नाव ऐकू येतं. दुर्बिणीतून छातीत शिरून सिंपथेटिक साखळी, म्हणजे घामाचे हुकूम नेणारी मज्जातंतूंची दोरी, तोडायची किंवा तिला क्लिप लावायची, अशी ही शस्त्रक्रिया. तिच्याबद्दल ‘अर्ध्या तासात कायमची सुटका’ असं तरी लिहिलेलं असतं, नाही तर ‘चुकूनही करू नका’ असं. निर्णय घेणाऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही, म्हणून हा धागा.

मुद्द्याचं आधी सांगतो. हात कोरडे होतील का, हा या शस्त्रक्रियेतला अवघड प्रश्न नाहीच. नेमक्या जागी छेद झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचे हात टेबलावरच कोरडे आणि ऊबदार होतात. अवघड प्रश्न पुढचा आहे: पाठ, पोट, मांड्या यांना त्यानंतर किती घाम येईल? तो आधी नक्की सांगता येत नाही, आणि आला तर परतीची वाट जवळपास नाही. धाग्यावरची सगळी चर्चा या तराजूत तोलावी ही विनंती.

थोडं शरीरशास्त्र. घामाच्या ग्रंथी बिघडलेल्या नसतात. त्यांची संख्याही नेहमीइतकीच असते आणि रचनाही. त्यांना मिळणारे हुकूम मात्र जास्त असतात. हे हुकूम सिंपथेटिक साखळीतून येतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या मानेवरून, फुफ्फुसावरणाच्या पातळ पडद्याखालून ही साखळी खाली जाते. दुर्बिणीतून पाहिलं तर पांढरट दोरीसारखी दिसते आणि मध्येमध्ये तिला गाठी, म्हणजे गँगलिऑन, असतात. हाताकडे जाणारे तंतू छातीच्या वरच्या भागात साखळीत शिरतात, वर चढतात आणि दुसऱ्या गाठीतून व तिच्या वरच्या स्टेलेट गँगलिऑनमधून हातात उतरतात. ही चढण मध्येच तोडली की हाताला हुकूम पोचत नाही.

कल्पना जुनी आहे. घामासाठी सिंपथेटिक साखळी कापण्याचा पहिला प्रयत्न १९२० चा, कोत्झारेफ यांचा. ह्यूज यांनी १९४२ मध्ये दुर्बीण वापरली. नव्वदच्या दशकात व्हिडिओ कॅमेरे आले आणि मग मात्र ही शस्त्रक्रिया जगभर धडाक्यात होऊ लागली. धडाक्यात झाली म्हणूनच तिचे दुष्परिणामही मोठ्या संख्येने दिसले. तैवानमध्ये तर २००४ साली वीस वर्षांखालच्यांवर ती करायला मनाई झाली.

निशिगंधा_त

चांगला विषय. शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी निदानाची पायरी पक्की हवी, तिथेच बरेच जण घाई करतात.

प्राथमिक अतिघामाची खूण अशी: सहा महिन्यांहून जास्त काळ, उघड कारण नसताना, ठरावीक जागी घाम. सोबत यांतल्या निदान दोन गोष्टी हव्यात: दोन्ही बाजूंना सारखा येतो, रोजच्या कामात अडथळा आणतो, आठवड्यातून एकदा तरी येतो, सुरुवात पंचवीस वर्षांच्या आत झाली, घरात आणखी कोणाला आहे, आणि झोपेत थांबतो.

झोपेचा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारायला सांगेन. ज्याला रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो त्याचा विचार वेगळाच करायचा: थायरॉइड, साखर, क्षयासारखा संसर्ग, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), चालू औषधं (नैराश्यावरच्या काही गोळ्या घाम वाढवतात). घाम एकाच हाताला असेल, किंवा चाळिशीनंतर अचानक सुरू झाला असेल, तरीही तसंच. अशा माणसाची साखळी कापली तर मूळ आजार तसाच राहतो आणि वर भरपाईचा घाम, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पाठ-पोट-मांड्यांना वाढणारा घाम, मिळतो.

तीव्रतेसाठी चार पायऱ्यांचं एक साधं मोजमाप आहे. १ म्हणजे घाम जाणवतच नाही, २ सहन होतो, ३ जेमतेम सहन होतो आणि कामात वारंवार अडथळा येतो, ४ सहनच होत नाही. शस्त्रक्रियेचा विचार ३ आणि ४ साठीच. २ वाल्याने या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर त्याचा आकडा पाठीसाठी ३ झाला तर तो तोट्यातच गेला.

चौकस

निशिगंधाताई, शस्त्रक्रियेआधी काय काय करून झालेलं असावं? ‘सगळं करून पाहिलं’ असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा एक लोशन आठवडाभर लावलेलं असतं.

निशिगंधा_त

अगदी बरोबर ओळखलंत. क्रमाने लिहिते, आणि प्रत्येक ठिकाणी फसतं कुठे तेही.

ॲल्युमिनियम क्लोराइड. काखेला २० टक्के पुरतं, तळहाताची कातडी जाड असल्यामुळे ३० टक्क्यांपर्यंत जावं लागतं. रात्री झोपताना लावायचं, सकाळी धुवायचं. हात पूर्ण कोरडे हवेत. ओल्या हातावर लावलं की पाण्याशी संयोग होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि आग होते. ‘मला सोसलं नाही’ म्हणणाऱ्या अनेकांनी ते धुतल्या हातावर लावलेलं असतं. आधी पंख्याखाली किंवा थंड हवेच्या ड्रायरने हात वाळवा, मगच लावा. रोज रात्री दोनेक आठवडे लावल्यावर फरक दिसला तर आठवड्यातून एकदोनदा पुरतं.

आयन्टोफोरेसिस. तळहातासाठी शस्त्रक्रियेआधीचा सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच, आणि सगळ्यांत अर्धवट सोडला जाणाराही हाच. साध्या नळाच्या पाण्याचे दोन उथळ ट्रे, दोन्हींत एकेक हात, १५ ते २० मिलिअँपिअर प्रवाह, २० ते ३० मिनिटं. निम्म्या वेळानंतर प्रवाहाची दिशा उलटायची, नाहीतर एकच हात नीट कोरडा होतो. आठवड्यातून तीन-चार वेळा, हात कोरडे होईपर्यंत. याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पुढे आठवड्याला एकदा चालू ठेवायचं. बंद केलं की घाम परत येतो, हे धरूनच चालायचं.

इथल्या चुका: पाणी फार मऊ किंवा शुद्ध केलेलं असेल तर प्रवाह वाहत नाही, अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. अंगठी-बांगडी काढायची राहते. हाताला चीर असेल तर तिथे चटका बसतो, तिच्यावर आधी पेट्रोलियम जेली लावायची. प्रवाह चालू असताना हात झटकन बाहेर काढला की झटका बसतो. पेसमेकर असेल, प्रवाहाच्या वाटेत धातूचं रोपण असेल किंवा गर्भारपण असेल तर हा उपाय नाही.

गोळ्या. ग्लायकोपायरोलेट १ ते २ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा ऑक्सिब्युटिनिन २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून काही आठवड्यांत ५ मिलिग्रॅम दोनदा. एकदम पूर्ण मात्रा घेतली की तोंड इतकं कोरडं पडतं की माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. हळूहळू वाढवलं तर पुष्कळांना जमतं. काचबिंदूच्या काही प्रकारांत आणि लघवी अडण्याचा त्रास असेल तर द्यायच्या नाहीत. आणि या गोळ्यांवर असताना उन्हात जोराचा व्यायाम नको, सगळ्या अंगाचा घाम कमी झाल्याने शरीर तापतं.

बोट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्सचं इंजेक्शन). एका तळहाताला ५० ते १०० युनिट, एक-दीड सेंटिमीटर अंतरावर टोचत जायचं. परिणाम चार ते सहा महिने. तळहातात सुया फार दुखतात, म्हणून मनगटाशी नर्व्ह ब्लॉक (मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन) देतात. अंगठ्याच्या चिमटीची ताकद काही आठवडे कमी होऊ शकते, वाद्य वाजवणाऱ्यांनी किंवा बारीक काम करणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

हातावर लावायचं ऑक्सिब्युटिनिनचं २० टक्के लोशन जपानमध्ये २०२३ पासून खास तळहातासाठी मंजूर आहे. म्हणजे औषधांची बाजूही थांबलेली नाही.

सव्वापाच

+१. मायक्रोवेव्हने ग्रंथी जाळणं आणि घामग्रंथी खरवडून काढणं हे दोन्ही उपाय फक्त काखेसाठी आहेत, तळहातासाठी नाहीत. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, कारण हा गोंधळ सतत होतो.

चौकस

आता मुख्य विषय. कातळफूल, टी२, टी३, आर३, आर४ या अक्षरांचा अर्थ सांगाल का? एकाच शस्त्रक्रियेला वेगवेगळ्या कागदांवर वेगळी नावं दिसतात.

कातळफूल

सांगतो, आणि यावर जरा वेळ घालवतो. निकाल बराचसा इथेच ठरतो.

‘टी’ म्हणजे छातीतली गाठ, ‘आर’ म्हणजे बरगडी. पूर्वी गाठीच्या नावाने लिहायचे. अडचण अशी की गाठींची जागा माणसागणिक थोडी सरकते, दोन गाठी एकमेकींत मिसळलेल्याही असतात, आणि चरबीखाली त्या ओळखू येत नाहीत. बरगडी मात्र दिसते, हत्याराच्या टोकाला लागते, मोजता येते. म्हणून २०११ मध्ये अमेरिकेच्या थोरॅसिक सर्जन्स सोसायटीच्या तज्ज्ञगटाने ठरवलं की साखळी कोणत्या बरगडीवर, वरच्या कडेला की खालच्या, आणि कापून की जाळून की क्लिप लावून तोडली, हे स्पष्ट लिहायचं. जुन्या कागदांवर ‘टी३’ लिहिलेलं असेल तर नेमकं काय तोडलं ते त्यावरून कळेलच असं नाही.

साधारणपणे दुसरी गाठ दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधल्या फटीत असते. तिसऱ्या बरगडीवर छेद दिला की दुसऱ्या आणि तिसऱ्या गाठीमधला दुवा तुटतो, पण दुसरी गाठ वरच्या भागाशी जोडलेली राहते. छेद दुसऱ्या बरगडीवर दिला तर दुसरी गाठ खालच्या बाजूला राहते आणि हातासोबत चेहऱ्याचे तंतूही बऱ्यापैकी जातात. जितकं वर जाल तितके हात ठणठणीत कोरडे, आणि तितकाच भरपाईचा घाम जास्त. स्टेलेट गँगलिऑनही जवळ येतं, त्याला धक्का बसला की पापणी पडते.

म्हणून त्या गटाची शिफारस: फक्त तळहातासाठी आर३ किंवा आर४. आर३ ला हात पूर्ण कोरडे. आर४ ला हात किंचित ओलसर राहू शकतात, पण भरपाईचा घाम कमी असण्याची शक्यता. तळहातासोबत काखही असेल, किंवा फक्त काख असेल, तर आर४ आणि आर५.

माझं मत विचाराल तर तळहातासाठी आर४ ने सुरुवात करणारा सर्जन मला जास्त पटतो. थोडा दमट हात घेऊन माणूस पन्नास वर्षं नीट जगतो. पाठीवरून ओघळणारा घाम घेऊन तेवढं नीट जगता येत नाही. हात कागदासारखे कोरडे हवेत असा रुग्णाचा हट्ट असेल तर त्या कोरडेपणाचा मोबदला त्याला शब्दांत सांगितला गेलाच पाहिजे.

अनवाणी

बरगडी मोजण्यात चूक होते का?

कातळफूल

होते. पहिली बरगडी आतून सहसा दिसत नाही, ती वर चरबीच्या पिवळ्या गोळ्यामागे लपलेली असते आणि तिथेच सबक्लेव्हियन रोहिणीची धडधड दिसते. आत गेल्यावर सगळ्यांत वर ठळक दिसते ती बहुधा दुसरी. तिलाच पहिली समजलं तर ‘तिसरी’ म्हणून प्रत्यक्षात चौथी तोडली जाते. उलट, बारीक अंगाच्या माणसात पहिली दिसत असेल आणि तिला दुसरी धरलं तर छेद एक पायरी वर जातो. दुसरी चूक जास्त महागात पडते. खात्री करायची असेल तर बाहेरून छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापाशी दुसरी बरगडी चाचपता येते, आणि तरीही शंका राहिली तर आत धातूचं टोक ठेवून टेबलावरच एक्स-रे काढता येतो. पाच मिनिटं जातात, जाऊ द्यावीत.

आणखी एक जागा: कुंत्झचा तंतू. काही जणांत साखळीला बगल देऊन एक बारीक फाटा थेट हाताकडे जातो. तो राहिला तर घाम राहतो किंवा काही महिन्यांनी परततो. म्हणून साखळी तोडल्यावर त्याच बरगडीवर बाहेरच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर आवरण जाळत जातात. बरगडीच्या हाडावरच राहायचं, खालच्या कडेला उतरायचं नाही, तिथे बरगडीची रक्तवाहिनी आणि मज्जातंतू आहे. तो चटकला की छातीत महिनोन्‌महिने चमका येतात.

पारिजातक_सात

शस्त्रक्रियेच्या दिवशी नेमकं काय होतं ते कुणी लिहील का?

गुंगीशास्त्र

भुलेच्या बाजूने लिहितो.

पूर्ण भूल. रुग्ण उताणा, टेबलाचा डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश वर, दोन्ही हात बाजूला पसरलेले. या उंचीमुळे फुफ्फुस आपोआप खाली सरकतं आणि वरच्या बरगड्या मोकळ्या दिसतात. हात ९० अंशांपलीकडे ताणायचे नाहीत, नाहीतर खांद्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसून हात सुन्न राहतो, आणि मग दोष उगाच सर्जनकडे जातो.

श्वासनलिकेत दोन वाटांची नळी घालून एका वेळी एक फुफ्फुस बंद ठेवतात. दुसरा मार्ग म्हणजे साधी एकवाटेची नळी आणि छातीत कमी दाबाने कार्बन डायऑक्साइड. हा दाब ८ मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊ देत नाहीत. जास्त झाला की हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, रक्तदाब कोसळतो, नाडी मंदावते. तसं झालं तर पहिलं काम गॅस सोडून देण्याचं, औषधं त्यानंतर.

काखेच्या रेषेत ३ ते ५ मिलिमीटरची एक-दोन छिद्रं. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हुक किंवा क्लिप लावणारं हत्यार. फुफ्फुसावरण उघडायचं, साखळी मोकळी करायची, तोडायची, टोकं एकमेकांपासून दूर सारायची म्हणजे पुन्हा जुळणार नाहीत. उजवीकडे अझायगस शिरेचे फाटे साखळीवरून आडवे जातात, डावीकडे महारोहिणीची कमान आणि सबक्लेव्हियन जवळ असते. एखादा शिरेचा फाटा फाटला तर घाईने जाळण्यापेक्षा आधी दाबून धरायचं, कारण रक्तात न दिसता चालवलेला हुक साखळीवर कुठेही लागू शकतो.

तळहातावर तापमानाचा सेन्सर असतो. साखळी तुटली की हाताच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि काही मिनिटांत तापमान साधारण १ अंश सेल्सिअस किंवा जास्त चढतं. मात्र एक खाच आहे: भुलेनेच हात आधी तापलेले असतात. भूल दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच मूळ आकडा घ्यावा. तापमान चढलं नाही म्हणून लगेच एक बरगडी वर जाऊन छेद देणं हा अविचार.

शेवटी हवा काढणं. बारीक नळीचं एक टोक छातीत, दुसरं पाण्याखाली. भूलतज्ज्ञ फुफ्फुस फुगवून धरतो, बुडबुडे थांबले की नळी काढून छिद्र शिवतात. मग दुसरी बाजू. दुसरीकडे वळण्याआधी पहिलं फुफ्फुस पूर्ण फुगलंय याची खात्री हवीच. अर्धवट फुगलेल्या पहिल्यावर दुसरं बंद केलं तर ऑक्सिजन झपाट्याने घसरतो. प्रत्येक बाजूला वीस-तीस मिनिटं लागतात. नंतर एक्स-रे. थोडी हवा बऱ्याच जणांत राहते आणि आपोआप शोषली जाते, नळी ठेवावी लागण्याचं प्रमाण १-२ टक्क्यांच्या आसपास.

चौकस

फार स्पष्ट लिहिलंत, धन्यवाद. कोणाला ही शस्त्रक्रिया नाकारायची?

गुंगीशास्त्र

विश्रांतीची नाडी ५५ च्या खाली असलेल्याला, हा माझा पहिला नकार. साखळीतून हृदयाला वेग देणारे तंतूही जातात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर नाडी आणखी मंदावते आणि व्यायामातला सर्वोच्च वेगही खाली येतो, बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) घेतल्यासारखा. लांब पल्ल्याचे धावपटू, ज्यांची नाडी आधीच मंद असते, त्यांनी हे विसरू नये. ईसीजी प्रत्येकाचा व्हायलाच हवा.

दुसरा: पूर्वी क्षय, पू झालेला न्यूमोनिया, छातीची शस्त्रक्रिया किंवा छातीवर रेडिएशन झालं असेल तर फुफ्फुस आतून चिकटलेलं असू शकतं. चिकटलेलं सोडवताना फुफ्फुसाला भोकं पडतात.

कातळफूल

यात भर. वर सांगितलेल्या २०११ च्या शिफारशीत चांगला उमेदवार असा दिला आहे: त्रास सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, शस्त्रक्रियेच्या वेळी तरुण, साधारण पंचविशीच्या आत, बीएमआय २८ पेक्षा कमी, झोपेत घाम नाही, दुसरा मोठा आजार नाही, नाडी मंद नाही. वजनाची अट फक्त भुलेसाठी नाही. स्थूल माणसाला मुळात घाम जास्त, म्हणून भरपाईचाही जास्त.

मी एक प्रश्न जोडतो: शस्त्रक्रियेआधीच पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम येतो का? उत्तर ‘हो, भरपूर’ असेल तर थांबा. हात आणि पाय सोडून बाकी अंग कोरडं असणारा माणूस आणि सगळं अंगच घामेजणारा माणूस, या दोघांच्या निकालात मोठा फरक पडतो.

अनवाणी

पायांचा घामही याच शस्त्रक्रियेने जातो असं काही जण लिहितात.

कातळफूल

काही जणांत कमी होतो, काहींत तसाच राहतो, काहींत वाढतो. भरवसा ठेवून शस्त्रक्रिया करू नये. पायांच्या तंतूंची साखळी कमरेत आहे, तिची शस्त्रक्रिया वेगळी, पोटाच्या मागच्या बाजूने, आणि पुरुषांत कमरेतल्या साखळीची वरची गाठ दुखावली तर वीर्यपतनात अडचण येते. पायांसाठी आयन्टोफोरेसिस हाच आधी.

सव्वापाच

भरपाईच्या घामाची टक्केवारी कुठे ३ लिहिलेली असते, कुठे ९८. खरं काय मानायचं?

निशिगंधा_त

दोन्ही आकडे छापलेले आहेत, आणि फरक मोजणीचा आहे. ‘अजिबात वाढला का’ असं विचारलं तर बहुसंख्य हो म्हणतात. ‘कपडे बदलावे लागतात का’ असं विचारलं तर आकडा खूप खाली येतो. किती बरगड्यांवर छेद दिला, हवामान कसं, विचारलं कधी, यानेही बदलतो. हिवाळ्यात झालेल्या शस्त्रक्रियेचा निकाल तीन महिन्यांनी विचारला तर छानच येणार. एक पूर्ण उन्हाळा गेल्याशिवाय निकाल मानू नये. ढोबळ धरायचं तर निम्म्याहून जास्त जणांना काही ना काही, आणि शंभरातल्या काही जणांना, दहापर्यंत, गंभीर.

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शनातही रुग्णाला हेच सांगायला बजावलं आहे: दुसरीकडे घाम येणं अगदी नेहमीचं आहे, तो त्रासदायक असू शकतो, आणि काहींना शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप होतो.

तो येतो कसा, तेही लिहिते. स्तनाग्रांच्या रेषेच्या वरचा भाग, हात, कधी चेहरा कोरडा होतो. त्याच्या खाली पाठ, पोट, जांघा, मांड्या, गुडघ्यांची मागची बाजू भिजते. उष्णता, दमटपणा, चालणं, ताण यांनी सुरू होतो. काहींना जेवताना, विशेषतः तिखट-आंबट खाताना, चेहऱ्यावर घाम येतो, तो वेगळा प्रकार. ‘भरपाई’ हा शब्दही अर्धाच खरा. हाताचा घाम नुसता पाठीवर हलला असता तर इतका आला नसता. साखळीतून मेंदूकडे जाणारे संदेशही तुटतात आणि घामाला लगाम घालणारी यंत्रणा सैल पडते, असं मानलं जातं. वरच्या बरगडीवरचा छेद जास्त त्रास का देतो, हे त्याने समजतं.

पारिजातक_सात

मग क्लिप लावणं सुरक्षित नाही का? त्रास झाला तर काढता येते.

कातळफूल

पारिजातक, या वाक्यावर विसंबून फार जण होकार देतात, म्हणून नीट लिहितो. क्लिप ५ मिलिमीटरची टायटॅनियमची, साखळीवर दाबून बसवतात. ती काढता येते हे खरं. पण दाबलेला मज्जातंतू काही दिवसांतच खराब होऊ लागतो. क्लिप काढल्यावर काहींचा भरपाईचा घाम कमी होतो, अनेकांचा होत नाही. काढायची असेल तर आठवड्यांत निर्णय हवा, वर्षांत नाही. आणि इथेच पेच आहे: भरपाईच्या घामाचा खरा अंदाज उन्हाळ्यात येतो, क्लिप काढण्याची मुदत त्याआधी सरलेली असते. कापलेल्या साखळीत पायाचा किंवा बरगडीचा मज्जातंतू कलम करून जोडण्याचे प्रयत्नही होतात, निकाल बेभरवशाचे. क्लिपला क्लिप म्हणूनच निवडा, परतीचं तिकीट म्हणून नको.

आधी अंदाज घ्यायचे दोन मार्ग काही ठिकाणी वापरतात. एक, साखळीभोवती बराच काळ टिकणारं बधिरीचं औषध टोचून तात्पुरती बंद करून पाहणं. काही दिवसांची चुणूक मिळते, खात्री नाही. दुसरा, आधी फक्त कामाच्या हाताची बाजू, मग काही महिने थांबणं. दोन भुला लागतात, पण एक बाजू झाल्यावरच पाठ भिजू लागली तर दुसरी थांबवता येते. मला हा दुसरा मार्ग प्रामाणिक वाटतो.

अनवाणी

आणि भरपाईचा घाम आलाच तर?

निशिगंधा_त

ऑक्सिब्युटिनिन किंवा ग्लायकोपायरोलेट, वरच्याच मात्रेत, वरच्याच सावधगिरीने. पुष्कळांना याचा खरा उपयोग होतो. मर्यादित जागा असेल तर आयोडीन-स्टार्चची चाचणी करतात: आयोडीन लावून वाळवायचं, वर स्टार्च भुरभुरायचं, घाम येतो तिथे काळंजांभळं होतं. त्या नकाशावर बोट्युलिनम टॉक्सिन टोचतात. अख्ख्या पाठीला मात्र युनिट इतकी लागतात की ते परवडत नाही आणि शहाणपणाचंही नाही. वजन कमी करणं हा कंटाळवाणा पण कामाचा उपाय.

चौकस

शेवटचं. घरी गेल्यावर काय अपेक्षित, काय नाही?

गुंगीशास्त्र

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. दुखणं छिद्रांपेक्षा खांद्याच्या पात्यांच्या मध्ये आणि खोल श्वास घेताना जास्त असतं, एक-दोन आठवडे. वेदनाशामक नियमित घ्यावं. दुखतं म्हणून उथळ श्वास घेतला तर फुफ्फुसाचा तळ बसतो आणि ताप येतो, म्हणून दर तासाला दहा खोल श्वास. बैठं काम आठवड्यात, जड उचलणं दोन-तीन आठवड्यांनी. विमानप्रवास एक्स-रेमध्ये हवा पूर्ण गेल्याचं दिसल्यावर आणि सर्जनने सांगितल्यावरच, उंचीवर अडकलेली हवा प्रसरण पावते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हातांना पुन्हा भरपूर घाम येऊ शकतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण हादरतो. तुटलेल्या टोकांमधून शेवटचे संदेश सुटतात असं मानलं जातं, एक-दोन दिवसांत थांबतं. शस्त्रक्रिया फसली असा अर्थ नाही.

तातडीने परत जायचं ते यासाठी: वाढती धाप, एका बाजूला छातीत अचानक कळ, मानेची कातडी फुगून दाबल्यावर करकर वाजणं, ताप, चक्कर येण्याइतकी मंद नाडी. एक पापणी खाली आली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक दिसली तर ते हॉर्नर सिंड्रोम. प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. साखळी ओढली गेल्याने किंवा उष्णता पोचल्याने झालं असेल तर काही आठवडे-महिन्यांत भरून येतं, तंतू तुटला असेल तर राहतं.

निशिगंधा_त

हातांबद्दल एक राहिलं. ते इतके कोरडे होतात की पहिल्या हिवाळ्यात भेगा पडतात. युरिया १० टक्के असलेलं क्रीम रात्री, आणि भांडी-कपडे धुताना हातमोजे, पहिल्या आठवड्यापासूनच. पानं उलटताना, नोटा मोजताना बोटं सरकतात अशी तक्रारही नेहमीची आहे.

कातळफूल

सर्जनला भेटायला जाताना लिहून न्यायचे प्रश्न: कोणती बरगडी, वरची कड की खालची, एक पातळी की दोन? बरगडी मोजायची खात्री कशी करता? कापणार, जाळणार की क्लिप? तुमच्या रुग्णांना एका वर्षानंतर विचारता का, आणि किती जणांना कपडे बदलावे लागतात? नाडीचा आकडा पाहिला का? शस्त्रक्रियेच्या नोंदीत बरगडीचा क्रमांक लिहून मिळेल ना? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘त्याची काय गरज’ असं आलं तर दुसऱ्या सर्जनकडे जा.